कोबीची अळी औषधाला दाद का देईना?

बेळगावजवळच्या कडोलीकडच्या शिवारात कोबीचं पान उलटून बघा. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची हिरवी अळी बोट लागताच तडफडते आणि रेशमी धाग्यावर खाली लोंबकळते. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. तिच्याबद्दलची तक्रार ठरलेली: सुरुवातीला औषध मारलं की शेत साफ व्हायचं, आता दुप्पट मारलं तरी ती दाद देईना. औषध खाऊन खाऊन अळी निबर झाली, असं आपण म्हणून टाकतो.

पण एकेकटी अळी निबर होत नाही. फवाऱ्यात सापडलेली साधी अळी मरते, विषय संपला. बदलते ती शेतातल्या अळ्यांची एकूण जमात. समजा, हजारातल्या दहा अळ्यांना औषध बाधतच नाही आणि उरलेल्यांपैकी दर फवारणीत दहातल्या नऊ मरतात. पहिल्या फवारणीनंतर साधारण अकरातली एक अळी चिवट निघेल, दुसरीनंतर निम्म्या, तिसरीनंतर अकरातल्या दहा! जनुकांच्या जोड्यांची भानगड मी इथे बाजूला ठेवली आहे, पण हिशेब मुळात हाच. उष्ण हवेत या पतंगाची पिढी दोन-तीन आठवड्यांत उलटते आणि मादी शंभरावर अंडी घालते. म्हणजे रिकामी झालेली जागा चिवट अळ्यांचीच पोरं भरून काढतात.

जिवाजिवांत फरक असतो, तो पुढच्या पिढीत उतरतो आणि सगळ्यांना सारखी पोरं होत नाहीत. 1859 साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड एवढीच. औषध माणसाने मारलं, मग ही निवड नैसर्गिक कशी, असं कुणी विचारेल. पण चिवट अळ्या तयार करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. उलट झालं ते आपल्या इच्छेविरुद्धच.

चिवटपणा औषधाच्या आधीपासून असतो, याला पुरावा काय? 1952 साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी जिवाणूंवर केलेला प्रयोग मला यातला सगळ्यात देखणा वाटतो. बशीत जिवाणूंची वाढ झालेली. त्यांनी तिच्यावर मखमलीचा तुकडा दाबला आणि तोच औषध घातलेल्या दुसऱ्या बशांवर टेकवला. तिथे मोजकेच ठिपके वाढले. मग त्यांनी मूळ बशीत त्याच जागी शोधलं. त्या बशीला औषधाचा थेंबही लागला नव्हता, तरी त्या जागचे जिवाणू औषधाला पुरून उरणारे निघाले.

कोबीच्या अळीवर डायमाइड गटातली औषधं आली, त्यांचीही हीच गत झाली. ही औषधं स्नायूंमधल्या एका प्रथिनाला चिकटतात, अळीला लकवा मारतो आणि तिचं खाणं थांबतं. काही वर्षांतच फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये ती निकामी ठरू लागली. तपासल्यावर दोन्हीकडे त्या प्रथिनात नेमका एकाच जागी, एकाच अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीचा, बदल सापडला, आणि तो दोन्ही देशांत स्वतंत्रपणे घडून आलेला होता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की शेवटी अळीची अळीच झाली ना? खरं आहे. मोठ्या बदलांना लाखो वर्षं लागतात, त्यांचे पुरावे दुसरीकडे बघावे लागतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटन यांच्या नावाने ओळखली जाणारी दुर्मीळ वटवाघळं राहतात. कुठल्याही वटवाघळाचा पंख उलगडला तर आत दंड, कोपर, मनगट आणि पाच बोटं सापडतात. चार बोटं ताणून लांब झालेली, अंगठा मोकळा. उडण्यासाठी कोऱ्या कागदावर आराखडा काढला असता तर मनगट आणि बोटं कुणी कशाला घातली असती? हा हात वटवाघळाला, आपल्याला आणि देवमाशालाही एकाच पूर्वजाकडून आलेला आहे.

शिवारात परत यायचं तर बाटलीवरचं कंपनीचं नाव नव्हे, बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचावं लागतं. लागोपाठच्या फवारण्यांत घटकाचा गट बदलला, तर पहिल्याला चुकवलेल्या अळ्या दुसऱ्यात सापडण्याची शक्यता असते. कंपनी बदलली आणि घटक तोच राहिला, तर वरच्या हिशेबातली ती फक्त पुढची फवारणी.