खरी प्रत कोणाकडे? क्लाउड साठवण आणि फाइल-सिंक सेवांची पार्श्वभूमी

क्लाउड साठवणीची सेवा निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न जागेचा असतो: फुकट किती गिगाबाइट मिळतात आणि पैसे भरून किती. या क्षेत्राचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर जागेचे आकडे हाच त्यातला सर्वांत अस्थिर भाग असल्याचे दिसते. टिकून राहिलेला प्रश्न वेगळाच आहे. एकच फाइल दोन-तीन यंत्रांवर आणि शिवाय दूरच्या सर्व्हरवर असेल, तर तिची खरी प्रत कोणती मानायची? प्रत्येक सेवेने या प्रश्नाचे आपापले उत्तर दिलेले आहे, आणि आज स्पर्धेत असलेल्या सेवांमधले बरेचसे स्वभावभेद त्या उत्तरांतून आलेले आहेत.

हा प्रश्न वेबपेक्षा जुना आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या सहकार्याने अँड्र्यू फाइल सिस्टिम उभारली, तेव्हा वापरणाऱ्याच्या फाइली मध्यवर्ती सर्व्हरवर राहत आणि तो ज्या यंत्रापुढे बसेल तिथे त्याला त्या दिसत. फाइल उघडली की ती संपूर्ण स्थानिक डिस्कवर उतरे, बंद केली की बदललेली प्रत सर्व्हरकडे परत जाई, आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी तिच्यात बदल केला तर सर्व्हर स्वतःहून तसे कळवी. खरी प्रत सर्व्हरची आणि यंत्रावरची केवळ तात्पुरती, इतका तो करार स्पष्ट होता. नेटवर्क तुटले की मात्र काम अडून बसे. त्याच विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७ मध्ये कोडा या प्रणालीचे काम हाती घेतले आणि पुढे तिच्यात नेमक्या या अडचणीवर उपाय शोधला: लागणाऱ्या फाइली आधीच यंत्रावर जमवून ठेवायच्या, नेटवर्क नसतानाही त्यांत बदल करू द्यायचे आणि जोडणी परत आल्यावर दोन्ही बाजूंचे बदल जुळवायचे.

जुळवायचे म्हणजे काय, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. दोन प्रतींपैकी ज्या प्रतीवर नंतरची वेळ नोंदलेली आहे ती नवी, असे म्हणणे सोपे वाटते. पण दोन यंत्रांची घड्याळे सारखी चालतीलच असे नाही, आणि चालली तरी दोन्ही प्रतींमध्ये स्वतंत्रपणे बदल झाले असतील, तर नंतरची ठेवण्याच्या नादात आधीचे काम पुसले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील लोकस प्रकल्पातून १९८३ मध्ये पुढे आलेली पद्धत वेळेवर विसंबत नाही. तीत प्रत्येक प्रतीसोबत कोणत्या यंत्रावर किती वेळा बदल झाला याची मोजदाद ठेवली जाते. एका प्रतीतले सगळे आकडे दुसरीपेक्षा मोठे किंवा तिच्याइतके असतील, तर पहिली प्रत नवी ठरते. काही आकडे इकडे मोठे आणि काही तिकडे, असे दिसले तर खरा विरोध आहे, आणि तो यंत्राने परस्पर सोडवू नये. आज एखाद्या फोल्डरमध्ये मूळ नावापुढे ‘परस्परविरोधी प्रत’ अशी पुस्ती जोडलेली फाइल दिसली की अनेकांना तो बिघाड वाटतो. माझ्या मते तो सेवेचा प्रामाणिकपणा आहे. दोन्हींपैकी कोणाचे काम टाकून द्यायचे हे तिने ठरवले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यानंतरची दहा वर्षे साधनांची होती. विंडोज ९५ मध्ये ब्रीफकेस नावाचे फोल्डर आले. ते फ्लॉपीवर घालून दुसऱ्या संगणकावर न्यायचे आणि परत आल्यावर अद्ययावत करून घ्यायचे, अशी कल्पना होती. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक प्रसिद्ध केले. त्यातली युक्ती अशी की फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाची छोटी संख्यात्मक खूण काढली, तर दोन्ही टोकांना पूर्ण फाइल न पाठवताही नेमका बदललेला भाग ओळखता येतो आणि तेवढाच धाडता येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या गटाने युनिसन तयार केले, ज्यात दोन्ही दिशांचे बदल जुळवले जात आणि विरोध आढळल्यास वापरणाऱ्याला विचारले जाई. ही साधने उत्तम होती आणि अजूनही आहेत, परंतु ती चालवायला तांत्रिक जाण असावी लागे.

दुसरीकडे, वेबवर भाड्याची गोदामे उघडत होती. १९९९ मध्ये याहू ब्रीफकेस आणि एक्सड्राइव्ह सुरू झाले, २००० च्या जानेवारीत ॲपलची आयडिस्क २० मेगाबाइट जागेसह आली. या सेवांत फाइल स्वतः चढवायची आणि लागेल तेव्हा उतरवायची, एवढेच होते. यंत्रावरची प्रत आणि गोदामातली प्रत यांचा एकमेकींशी संबंध वापरणाऱ्याने स्वतः लक्षात ठेवायचा. एक्सड्राइव्ह आणि याहू ब्रीफकेस दोन्ही २००९ मध्ये बंद झाल्या.

गोदाम आणि साधन या दोन धाग्यांची गाठ पडण्यास २००६ च्या मार्चमधील एक घटना कारणीभूत ठरली. ॲमेझॉनने एस३ ही सेवा सुरू केली आणि स्वतःचे डेटा सेंटर न उभारता, वापराल तेवढ्याचे भाडे देऊन, कोणत्याही लहान कंपनीला प्रचंड साठवण मिळू लागली. ड्र्यू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ड्रॉपबॉक्सने याच पायावर आपली सेवा उभी केली. बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाताना बसमध्ये पेनड्राइव्ह सोबत घ्यायचा राहून गेल्याने ही कल्पना सुचली, असे ह्यूस्टन यांनी सांगितलेले आहे. सप्टेंबर २००८ मध्ये २ गिगाबाइट फुकट जागेसह ती सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा तीत तांत्रिकदृष्ट्या नवे फारसे नव्हते: फाइलीचे ४ मेगाबाइटपर्यंतचे तुकडे, प्रत्येक तुकड्याची खूण, बदललेलाच तुकडा पाठवणे. नवे होते ते तिचे साधेपण. यंत्रावर एकच फोल्डर, त्यात ठेवलेले सर्वत्र दिसणार, आणि काम पूर्ण झाले की हिरवी खूण. खरी प्रत आता वापरणाऱ्याच्या डिस्कवर होती, पूर्ण आणि नेटवर्कशिवाय उघडणारी. सर्व्हर हा तिचा साक्षीदार आणि वाहक होता. स्टीव्ह जॉब्स यांनी २००९ मध्ये ह्यूस्टन यांना सांगितले, की हे उत्पादन नव्हे, हे एक वैशिष्ट्य आहे. पुढच्या दशकाकडे पाहता त्या शब्दांत बरेच तथ्य होते.

कारण त्यानंतर आलेल्या मोठ्या कंपन्यांसाठी साठवण हा मूळ व्यवसाय नव्हताच. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये फोल्डरशेअर ही सिंकची, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्या प्रती आपोआप सारख्या ठेवण्याची, सेवा विकत घेतली होती आणि २००७ पासून स्कायड्राइव्ह हे वेबवरचे गोदाम चालवले होते. त्यांची नीट सांगड घालायला तिला २०१२ पर्यंत वेळ लागला, आणि ब्रिटनमधील स्काय या प्रसारण कंपनीशी नावाच्या हक्कावरून झालेल्या वादानंतर २०१४ मध्ये सेवेचे नाव वनड्राइव्ह झाले. तिचा ओढा वर्ड-एक्सेलसारख्या ऑफिस संचातील कागदपत्रांकडे राहिला. ॲपलने २०११ मध्ये आणलेल्या आयक्लाउडमध्ये सुरुवातीला फोल्डर जवळजवळ नव्हतेच. प्रत्येक ॲपच्या फाइली त्या ॲपपुरत्या, आणि सर्वसाधारण फोल्डरांची आयक्लाउड ड्राइव्ह ही सोय २०१४ मध्ये आली. गूगलची दिशा सर्वांत निराळी. २००६ मध्ये रायटली हे वेबवरचे लेखनसाधन घेतल्यापासून तिथे दस्तऐवज हा फाइल नसून सर्व्हरवर जगणारी नोंद होता. एप्रिल २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आले तेव्हा त्याच्या फोल्डरमध्ये अशा दस्तऐवजाच्या नावाची फाइल दिसे, पण तिच्यात मजकूर नसे, केवळ पत्ता असे. अनेक जणांनी एकाच वेळी लिहिण्याची जी सोय सर्वांना आवडते, तिची ही किंमत आहे: परस्परविरोधी प्रती निर्माण होत नाहीत, कारण प्रत एकच असते आणि ती आपल्याकडे नसते.

याच काळात जागेची चढाओढ सुरू झाली. मार्च २०१४ मध्ये गूगलने एका टेराबाइटचे मासिक भाडे एकदम पाचव्या हिश्श्यावर आणले, इतरांनी त्याचा पाठलाग केला, आणि ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या वर्गणीदारांना अमर्याद जागा जाहीर केली. वर्षभरात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, काही जणांनी ७५ टेराबाइटपेक्षा अधिक साठवल्याचे कारण देऊन ती मागे घेतली गेली. ॲमेझॉनने २०१५ मध्ये दिलेली अमर्याद जागा २०१७ मध्ये थांबवली आणि ३१ डिसेंबर २०२३ रोजी ॲमेझॉन ड्राइव्ह पूर्ण बंद केले. गूगल फोटोजची अमर्याद साठवण १ जून २०२१ रोजी संपली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ड्रॉपबॉक्सने आपल्या व्यावसायिक योजनेतील ‘लागेल तेवढी जागा’ रद्द केली. इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांनी एकच वचन देऊन ते परत घेतले असताना, जागेच्या आकड्यावरून सेवा निवडणे मला धोक्याचे वाटते. डिस्क, वीज आणि देखभाल यांचा खर्च कोणालाच चुकत नाही.

लहान सेवांचे तर अस्तित्वच टिकले नाही. उबुंटू वन २०१४ मध्ये, स्वित्झर्लंडमधील वुआला २०१५ मध्ये आणि कॉपी २०१६ मध्ये बंद झाली. या तिन्ही सेवांनी फाइली काढून घेण्यासाठी मुदत दिली होती. १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकी सरकारने प्रताधिकारभंगाच्या आरोपावरून मेगाअपलोड या फाइली साठवण्याच्या आणि वाटण्याच्या सेवेवर टाच आणली, तेव्हा मात्र ज्यांच्या फाइली पूर्णपणे कायदेशीर होत्या त्यांचीही वाट एका दिवसात बंद झाली. ज्यांची एकमेव प्रत तिथे होती त्यांचे झालेले नुकसान मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक प्रकरण वाटते.

विश्वासाचा दुसरा पदर गोपनीयतेचा. जून २०११ मध्ये एका चुकीच्या बदलामुळे सुमारे चार तास ड्रॉपबॉक्सच्या कोणत्याही खात्यात कुठलाही पासवर्ड टाकून शिरता येत होते. फाइली सर्व्हरवर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असल्या तरी ती किल्ली कंपनीकडेच असते, हे त्यातून सामान्य वापरणाऱ्याच्या लक्षात आले. आणि २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या, अमेरिकी सरकारच्या पाळतीविषयीच्या कागदपत्रांनी तोच मुद्दा राज्यसत्तेच्या संदर्भात पुढे आणला. त्याआधीपासूनच स्पायडरओक, वुआला आणि ट्रेसोरिट या सेवा किल्ली वापरणाऱ्याच्याच यंत्रावर ठेवत होत्या, जानेवारी २०१३ मध्ये मेगा ही नवी सेवाही तसाच दावा करत आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने आयक्लाउडच्या बहुतांश माहितीसाठी तो पर्याय ऐच्छिक म्हणून दिला. या मार्गातही काळजी घ्यावी लागते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाच्या रचनेत गंभीर त्रुटी दाखवून दिल्या होत्या. शिवाय किल्ली हरवली तर कंपनी मदत करू शकत नाही, आणि सर्व्हरला मजकूर वाचता येत नसल्याने मजकुरातला शोध, पूर्वदृश्य किंवा एकत्र लेखन यांच्या सोयी मर्यादित राहतात. एकाच फाइलीची अनेकांकडून आलेली प्रत एकदाच साठवून खर्च वाचवण्याची युक्तीही तिथे सहजासहजी चालत नाही.

सर्व्हरच आपला असावा, असा मार्ग फ्रँक कार्लिट्शेक यांनी २०१० मध्ये मांडलेल्या ओनक्लाउड या सॉफ्टवेअरने खुला केला आणि २०१६ मध्ये त्यातून नेक्स्टक्लाउड वेगळे झाले. २०१३ मध्ये आलेल्या सिंकथिंगने मध्यवर्ती सर्व्हर काढूनच टाकला. यंत्रे थेट एकमेकांशी बोलतात, परंतु त्यासाठी किमान दोन यंत्रे एकाच वेळी चालू असावी लागतात.

गेल्या दहा वर्षांत सर्वांत मोठा बदल शांतपणे झाला आहे. लॅपटॉपच्या डिस्का क्लाउडमधल्या जागेपेक्षा लहान पडू लागल्यावर ‘मागणीनुसार फाइली’ ही पद्धत रूढ झाली: फोल्डरमध्ये नाव दिसते, मजकूर मात्र उघडल्यावर उतरतो. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज ८.१ मध्ये आणली, कोणती फाइल खरोखर यंत्रावर आहे याचा गोंधळ झाल्याने २०१५ मध्ये काढली आणि २०१७ मध्ये स्पष्ट खुणांसह परत आणली. ड्रॉपबॉक्स, गूगल आणि ॲपल यांच्याकडेही ती आली. म्हणजे खरी प्रत पुन्हा सर्व्हरकडे गेली, अँड्र्यू फाइल सिस्टिमच्या काळात होती तशी. फरक असा, की तेव्हा सर्व्हर विद्यापीठाचा होता, आणि आता तो ज्याच्याशी आपला मासिक करार आहे त्याचा आहे. या बदलामुळे एक जुना गैरसमज अधिक महागात पडतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: एका यंत्रावर पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते आणि जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसच, पुष्कळ ठिकाणी ३० दिवस, राखल्या जातात. पूर्वी निदान प्रत्येक यंत्रावर पूर्ण प्रत असे आणि त्या यंत्राचा वेगळा बॅकअप घेता येई. आता ज्या फोल्डरचा बॅकअप घेतला, त्यात केवळ नावे असण्याची शक्यता असते.

सेवा बदलण्याच्या हक्काची दखल कायद्यानेही घेतली आहे. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, ग्राहकाला एका सेवेकडून दुसरीकडे जाण्यातले अडथळे सेवादात्यांनी दूर करावेत आणि १२ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी शुल्क घेऊ नये, असे तो सांगतो. तरीही फाइली बाहेर पडताना सगळे काही सोबत येत नाही. गूगलचा दस्तऐवज वर्डच्या स्वरूपात उतरवला तर मजकूर येतो, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या आणि तो कोणाकोणाला वाचता येत होता याची यादी मागेच राहते.