हाताला कळणारं विमान

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, कीबोर्डवरही विमान उडवता येतं, नाही असं नाही. उजवा बाण दाबला की विमान उजवीकडे कलतं, सोडला की थांबतं. पण त्या कळीला दोनच गोष्टी ठाऊक: दाबलं आणि सोडलं. खऱ्या पंखावरच्या एलेरॉनला, म्हणजे विमान कलवणाऱ्या मागच्या कडेच्या फळीला, पाव, अर्धा, पाऊण अशा सगळ्या जागा असतात, आणि विमान उतरवतानाची बरीचशी कसरत त्या पावाच्याही आतच चालते. म्हणून घरी फ्लाइट सिम्युलेटर लावणारा माणूस आज ना उद्या जॉयस्टिक, योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी दांडी) आणि पायाच्या पेडलच्या नादी लागतोच. नागपूरच्या वर्धा रोडला राहून रोज डोक्यावरून विमानं जाताना बघणाऱ्याला तर हा नाद जरा लवकरच लागतो.

या सामानाच्या पोटातलं काम तसं साधं. हात कुठे आहे ते मोजायचं आणि तो आकडा यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरला कळवायचा. स्वस्त जॉयस्टिकमध्ये हे मोजतो पोटेन्शिओमीटर: कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ सरकते आणि तिच्या जागेप्रमाणे व्होल्टेज बदलतं. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची ना, तो हाच भाग. आणि तीच खरखर इथेही येते. पट्टी झिजते, तिची भुकटी जिभेखाली साचते, बाहेरची धूळही आत शिरते. मग हात स्थिर असला तरी आकडा थरथरतो आणि पडद्यावरच्या विमानाचं नाक उगाचच हिसके मारायला लागतं. विदर्भातल्या उन्हाळ्याची धूळ ज्याने टेबलावरून रोज पुसली आहे, त्याला जास्त सांगायला नको.

यावरचा उपाय तसा जुना आहे. १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाला आढळलं की वीज वाहत असलेल्या धातूच्या पत्र्याला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं, तर पत्र्याच्या दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं. आजच्या बऱ्या जॉयस्टिकमध्ये दांड्याबरोबर एक छोटं चुंबक फिरतं आणि समोर हॉल सेन्सर नुसता बसलेला असतो. एकमेकांना ते शिवत नाहीत, त्यामुळे घासून झिजण्यासारखं काही उरतच नाही. विकत घेताना बिटांच्या आकड्यापेक्षा, म्हणजे मोजणी किती बारीक त्यापेक्षा, हे आधी विचारावं. १८० अंश फिरणाऱ्या योकला १० बिटांच्या मोजणीत १,०२४ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी ०.१८ अंशाची. १२ बिटांत ४,०९६. त्यापुढचे आकडे खोक्यावर छान दिसतात, पण तेवढा स्थिर हात कुणाचा असतो?

मोजमाप झालं. खरी गोम यापुढे आहे.

सेसना १७२ या छोट्या विमानात योक आणि पंखावरचे हलणारे पृष्ठभाग यांच्यामध्ये तारा आणि पुल्या असतात, मोटर नसते. हवा त्या पृष्ठभागावर जो दाब देते तो तारेतून थेट हातात येतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० नॉट वेगाला योक थोडा हलवायला जेवढा जोर लागतो, १२० नॉटला तेवढाच हलवायला त्याच्या चौपट. त्यामुळे वेगमापकाकडे न बघताही पायलटच्या हाताला कळतं की विमान मंदावतंय, कारण योक ढिला पडतो. घरच्या योकला हवाच लागत नाही. त्यात असते एक स्प्रिंग, आणि ती धावपट्टीवर उभं असताना जितकी ताठ, तितकीच आठ हजार फुटांवर.

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो ट्रिम करताना. खऱ्या सेसनात वर चढताना योक थोडा ओढून धरावा लागतो, काही वेळाने हात भरून येतो. मग पायलट गुडघ्याजवळचं ट्रिमचं चाक फिरवतो. चाक फिरतं तसा हातावरचा भार उतरत जातो आणि शेवटी योक आहे त्याच जागी राहतो, बोटं नुसती टेकलेली. घरी व्यवहार उलटा. स्प्रिंगला मधली जागा सोडून दुसरं काही माहीत नाही, म्हणून एका हाताने ट्रिम फिरवत दुसऱ्या हाताने योक हळूहळू मध्ये सोडावा लागतो, आणि दोन्हींचा मेळ असा घालावा लागतो की नाक खालीवर होऊ नये. खऱ्या विमानाची ही सवय नव्हे, सिम्युलेटरचीच आहे. पुढे कुणी फ्लाइंग क्लबात गेलाच, तर ही सवय त्याला मोडावी लागेल.

गंमत अशी की मोठ्या विमानांच्या बाबतीत हे चित्र पालटतं. एअरबस ए-३२० मध्ये पायलटच्या हाताशी बाजूला एक दांडी असते, साइडस्टिक. तिचा पंखाशी तारेने संबंध नाही. ती कॉम्प्युटरला आकडे पाठवते आणि स्प्रिंगने मध्ये परत येते. म्हणजे जवळजवळ आपल्या टेबलावरची जॉयस्टिकच! नागपूरहून सुटणाऱ्या कितीतरी विमानांत हीच व्यवस्था असते, त्यामुळे घरी एअरबस उडवणाऱ्याला साधी जॉयस्टिकही अस्सलच्या बरीच जवळ नेते. बोईंग ७३७ ची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पृष्ठभाग हलवायचं काम हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते, म्हणून हवेचा खरा भार पायलटच्या हातापर्यंत पोचतच नाही. तो भार मग मुद्दाम बनवावा लागतो: शेपटाकडच्या पिटो नळ्या हवेचा वेग मोजतात आणि त्यानुसार एलिव्हेटरचा (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीचा) योक कमीजास्त जड केला जातो. खरं विमानसुद्धा हाताला असं खोटं वजन देतं म्हटल्यावर टेबलावरच्या स्प्रिंगला फार नावं ठेवू नयेत.

मोटर लावून असंच बदलतं वजन देणारे योक घरासाठीही मिळतात. पण ज्याचा कॉम्प्युटरच धापा टाकतो, त्याने ते घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

जमिनीवर बसून उडायला शिकायची कल्पना मुळात निघाली ती एका ऑर्गनच्या कारखान्यातून. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. लिंकने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचेच भाते आणि हवेचे पंप लावून डुलणारं, कलणारं एक बुटकं विमान तयार केलं. सुरुवातीला ते जत्रेत खेळणं म्हणूनच जास्त चाललं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर हवाई टपाल न्यायची जबाबदारी येऊन पडली, खराब हवेत नि अंधारात एकामागून एक अपघात झाले, आणि तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. टपाल आणि अंधार म्हटलं की नागपूरकराला आपली गोष्ट आठवणारच: १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमानं रात्री इथे एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आल्या दिशेला परतायची.

आता लाल मुठीकडे वळू. थ्रॉटल क्वाड्रंटवर तीन दांड्या शेजारी असतात: काळ्या मुठीची थ्रॉटलची, निळी प्रोपेलरची, लाल मिक्स्चरची, म्हणजे हवेत किती पेट्रोल मिसळायचं त्याची. कीबोर्डवर उडवणारे लाल मुठीला कधी हातच लावत नाहीत. त्यांनी मे महिन्यातल्या दुपारी, खरं हवामान चालू ठेवून, नागपूरच्या धावपट्टीवर सेसना उभं करावं. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ फूट. त्या उंचीवर प्रमाणित तापमान १३ अंश धरतात. आपल्याकडे असतं ४५. दर जादा अंशाला साधारण १२० फूट असा हिशोब केला तर इंजिनाच्या लेखी उंची होते सुमारे ४,९०० फूट. म्हणजे सोनेगावात, नागपूरच्या विमानतळावर, उभं राहून विमान महाबळेश्वरपेक्षाही विरळ हवेत श्वास घेत असतं. समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा ती साधारण १४ टक्क्यांनी विरळ. लाल मूठ पूर्ण पुढेच ठेवली तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं आणि इंजिन पूर्ण ताकद देत नाही. ब्रेकवर उभं राहून, पूर्ण थ्रॉटल देऊन, लाल मूठ बोटभर मागे घेतली की फेऱ्यांचा काटा थोडा वर सरकताना दिसतो. तो खाली यायला लागायच्या आत थांबायचं. एवढं करूनही धावपट्टीवर धाव लांबतेच, कारण पंखांनाही तीच विरळ हवा मिळते. पुस्तकात वाचून ही गोष्ट पटते. मूठ हातात असली की ती लक्षात राहते.

मुठींच्या आकारामागेही एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर काही पायलट फ्लॅप (उतरताना उघडलेल्या पंखामागच्या फळ्या) मिटवायला जायचे आणि चुकून चाकंच मिटवायचे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही खटके शेजारी आहेत आणि हाताला सारखेच लागतात. त्याने चाकांच्या खटक्यावर रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसवला. आजही प्रवासी विमानात चाकांची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची पंखाच्या आकाराची असते. घरचं पॅनल बनवताना सगळीकडे एकसारखी बटणं लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पॅनल घरी बनवणारे बरेच आहेत. त्रिमूर्तीनगरातल्या एका ओळखीच्या पोराने प्लायच्या तुकड्यावर दिशा ठरवायची गोल कळ बसवली आणि वैतागून मला म्हणाला, "काका, एक घर फिरवलं की कधी दोन पुढे जाते, कधी उलटी!" कळीखाली असतो रोटरी एन्कोडर. त्यात दोन संपर्क असतात, त्यांची उघडझाप एकमेकांपेक्षा थोडी मागेपुढे होते. कोणता आधी जुळला त्यावरून फिरायची दिशा कळते. पण धातूवर धातू टेकला की तो काही मिलिसेकंद थडथडतो, आणि चिप ती प्रत्येक थडथड वेगळी मोजते. प्रोग्राममध्ये तेवढा वेळ थांबायला सांगितलं आणि उलटसुलट क्रम बाद केला की कळ ताळ्यावर येते. त्याने आणलेला अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड, मात्र बदलावा लागला: लिओनार्डो किंवा प्रो मायक्रोसारखा, ज्याला कॉम्प्युटर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो, तो इथे सोयीचा. बाकी सामान बर्डीच्या बाजारातून, लोखंडी पट्ट्या इतवारीच्या लोहा ओळीतून.

या सगळ्यावर कितीही तास घालवले तरी पायलटच्या लॉगबुकात त्यातला एकही चढत नाही. तिथे मान्यताप्राप्त उपकरणावरचेच तास चालतात.

पायाने सुकाणू फिरवायचे पेडल मात्र नवशिक्यांना शेवटी सुचतात आणि माझ्या मते ते दुसऱ्या नंबरवर घ्यावेत, महागड्या पॅनलच्या आधी. सेसनाचा पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, कॉकपिटमधून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पूर्ण ताकदीवर विमानाचं नाक डावीकडे ओढतं आणि उड्डाणाच्या धावेत उजवा पाय सतत दाबून धरावा लागतो. इथेच पहिल्या दिवशी फजिती होते: पाय दाबला की विमानाऐवजी चाकांची खुर्चीच मागे पळते. खुर्चीची चाकं काढून टाका, नाहीतर पेडलची फळी आणि खुर्चीचा पाया सामान बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्याने एकमेकांना आवळून बांधा.