टूलपाथ (कर्तनमार्ग)

संगणक-नियंत्रित (सीएनसी) कटिंग मशिनचे हेड शीटवर ज्या वाटेने फिरते, ती वाट म्हणजे टूलपाथ. डीएक्सएफ फाइलमध्ये (संगणकावर काढलेल्या आराखड्याची फाइल) नुसत्या रेषा असतात. कोणती आधी कापायची, कुठून सुरुवात करायची, हे चित्राचा जी-कोड (मशिनला ओळीओळीने दिलेले हुकूम) करताना ठरते.

चित्राचा यंत्राला कळेल असा हुकूम करणे सोलापूरला नवे नाही. जेकार्ड चादरीची नक्षी ग्राफ कागदावर चौकटी भरून उतरवत आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडत. मागावर मात्र आडवा धागा एकामागून एकच पडतो, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच येत नाही. कटिंग मशिनच्या हेडमधून निघणाऱ्या लेसर किरणाला सगळ्या वाटा मोकळ्या. नुसती १० भोके कापायची म्हटली तरी क्रम ३६,२८,८०० होतात. म्हणून सॉफ्टवेअर बहुधा ‘जवळचे आधी’ असा साधा नियम लावते आणि एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाताना एकमेकांना छेदणाऱ्या वाटा मागाहून सोडवते.

दुकानाच्या पाटीसाठी ॲक्रिलिकमध्ये ‘सोलापूर’ कापायचे आहे असे धरू. अक्षरांचे कर्व्ह केले (फॉन्टच्या अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा केल्या) की शेजारच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या दिसतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड करून (एकत्र जोडून) एक बाह्यरेषा केली नाही, तर लेसर प्रत्येक जोडावर आडवा जातो आणि शब्दाची सुटी अक्षरे हातात येतात. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवलेल्या मार्गदर्शिकांत ही अडचण क्वचितच सापडते. पुढे ‘पू’चे पोट (अक्षराच्या आतली बंद पोकळी) आधी कापायचे, बाहेरची रेषा शेवटी, उलट केले तर सुटलेला शब्द बेडवर हलतो आणि पोट भलतीकडे पडते. किरणाने खाल्लेल्या रुंदीची निम्मी भरपाईही द्यावी लागते: बाह्यरेषेला बाहेर, पोटाला आत.

एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा आधीच काढाव्यात, नाहीतर तीच कड दोनदा जळते. बारीक तुकड्यांत मोडलेल्या वक्ररेषेवर हेड अडखळत चालते. तिथे जी०२-जी०३ चे (जी-कोडमधले गोलाईने चालायचे हुकूम) कंस बरे.

सर्वांत जवळची वाट सर्वांत चांगली असतेच असे नाही. पातळ पत्र्यावर शेजारशेजारची भोके सलग कापली की उष्णता साठून पत्रा वाकतो. मग मुद्दाम लांब उड्या माराव्या लागतात. कापून तिरका उभा राहिलेला तुकडा हेडला धडकू नये, म्हणून त्याला वळसा घालणेही आलेच.