वायर तपासायचा मीटर भुताच्या मागं कसा लागला

आपल्या कोल्हापुरात पन्हाळ्याच्या रस्त्यावर नाहीतर शिवाजी पेठेतल्या एखाद्या बंद वाड्यात रात्री बारानंतर फिरणाऱ्या पोरांचे व्हिडिओ आता सगळ्यांच्याच फोनवर येतात. त्यात एकाच्या हातात टीव्हीच्या रिमोटएवढा डबा असतो, त्यावर पाच बारके लाईट, हिरव्यापासनं लालपर्यंत, आणि लाल लागला की सगळे "आहे आहे, इथंच आहे" म्हणून ओरडतात. हा ईएमएफ मीटर, म्हणजे विजेमुळं तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर, आणि त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे के-टू. आता हा मीटर भुतासाठी कुणी बनवला असं विचारलं तर उत्तर आहे, कुणीच नाही. तो विजेच्या तारांसाठी बनलाय.

मुळापासनं सांगतो. 1820 ला डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतनं करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. 1831 मध्ये लंडनला मायकेल फॅराडेनं उलटं करून दाखवलं, बदलतं चुंबकीय क्षेत्र असेल तर कॉइलमध्ये वीज तयार होते. के-टू सारख्या मीटरच्या पोटात हेच आहे, एक छोटी कॉइल आणि तिच्यात किती व्होल्टेज आलं त्यावर लाईट लावणारं सर्किट. आणि गंमत नव्हे, मला खरंच भारी वाटतं की ह्याच फॅराडेनं 1853 साली भुताटकीची तपासणीपण केली होती. तेव्हा युरोपात टेबलाभोवती बसून हात ठेवायचे आणि आत्मा आला की टेबल सरकतं असं लोक मानायचे. फॅराडेनं हाताखाली पुठ्ठ्यांचे थर मऊ गोंदासारख्या मसाल्यानं चिकटवून ठेवले, नंतर बघितलं तर वरचे थर जास्त सरकलेले, म्हणजे आधी हात सरकले आणि टेबल त्यांच्या मागनं गेलं. मग त्यानं हात किंचित जरी सरकला तरी हलणारा एक काटा लावला, आणि तो काटा बसलेल्यांना दिसायला लागल्यावर टेबल सरकायचंच बंद झालं. त्यानं कुणाला खोटारडं म्हटलं नाही, लोक प्रामाणिक आहेत पण हात नकळत ढकलतात एवढंच म्हटलं. अशी तपासणी आजच्या कुठल्या व्हिडिओत दिसत नाही.

पुढं 1882 ला लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च निघाली, आणि 1937 मध्ये हॅरी प्राइसनं बोर्ली रेक्टरी नावाचं इंग्लंडमधलं बदनाम घर वर्षभर भाड्यानं घेतलं. त्याच्या पेटीत काय काय असायचं तर थर्मामीटर, कॅमेरा, मोजपट्टी, हादरे कळावेत म्हणून पारा भरलेलं भांडं. ईएमएफ मीटर त्यात नव्हता, म्हणजे भूत शोधायचं काम चांगलं जोरात चालू असतानासुद्धा भूत आणि चुंबकीय क्षेत्र अशी जोडी अजून लागलेली नव्हती.

ती लागायला आधी एक वेगळीच भीती यावी लागली. 1979 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला नॅन्सी वेर्थायमर आणि एड लीपर यांनी अभ्यास छापला की जास्त करंटच्या विजेच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर जास्त दिसतो. त्यावर वाद झाले, आजही आहेत, 2002 मध्ये आयएआरसी ह्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अशा क्षेत्रांना "कदाचित कॅन्सरकारक" म्हणजे 2बी गटात टाकलं, पण लोकांच्या मनात धसका बसला तो बसला. घरात किती क्षेत्र आहे हे आईबापांना बघायचं होतं, म्हणून घरगुती गॉसमीटर म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे मीटर बाजारात आले, युटाच्या अल्फालॅबचा ट्रायफिल्ड आला, के-टूपण घरातली उपकरणं तपासायला म्हणूनच आला. स्वस्त, हातात मावणारे, कुणालाही वापरता येणारे.

त्याच काळात कॅनडाच्या सडबरीत लॉरेन्शियन विद्यापीठात मायकेल पर्सिंगर डोक्यावर कॉइल लावलेलं हेल्मेट घालून प्रयोग करत होते. त्यांचं म्हणणं, हलकं चुंबकीय क्षेत्र मेंदूच्या कानाजवळच्या भागावर सोडलं की माणसाला कुणीतरी शेजारी उभं आहे असं वाटू शकतं. 2005 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या ग्रँक्विस्ट यांच्या टीमनं तसाच प्रयोग केला, पण क्षेत्र कधी चालू कधी बंद हे ना बसणाऱ्याला माहीत ना प्रयोग करणाऱ्याला, आणि परिणाम दिसला नाही. ज्यांना अनुभव आले ते मुळातच पटकन भारावून जाणाऱ्या स्वभावाचे होते. लंडनमध्ये क्रिस फ्रेंच यांच्या टीमनं 79 लोकांना एका मुद्दाम बनवलेल्या खोलीत फिरवलं, 2009 ला ते छापून आलं, अनुभव भरपूर लोकांनी सांगितले, पण क्षेत्र चालू होतं का बंद ह्याच्याशी त्याचा मेळ बसला नाही.

पण इथं एक गोष्ट नीट बघा. पर्सिंगर बरोबर जरी धरले तरी त्यांचं म्हणणं काय होतं, तर क्षेत्रामुळं माणसाला भास होतो. म्हणजे मीटर लाल झाला तर भूत असण्याची शक्यता कमी होते, कारण भासाचं कारण सापडलं. सुरुवातीला काही तपासणारे मीटर ह्याच कामाला वापरायचे, आधी वायरिंग बाद करायचं म्हणून. मग 2002 ला ब्रिटनमध्ये मोस्ट हॉन्टेड आणि 2004 ला अमेरिकेत घोस्ट हंटर्स टीव्हीवर सुरू झालं, आणि अंधारात काहीतरी दिसायला पाहिजे ना, तर लाल लाईट कॅमेऱ्यावर फार छान दिसतो. हळूहळू अर्थ पूर्ण उलटा झाला, क्षेत्र म्हणजेच भूत, मग "असशील तर लाईट लाव" असे प्रश्नपण विचारायला लागले. ह्या उलट्या अर्थाला कुठल्या प्रयोगाचा आधार नाही, आणि आपल्याकडं आला तो हाच उलटा अर्थ.

आता लाल लाईट म्हणजे किती हे बघा. मिलिगॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप, आणि के-टूचा शेवटचा लाईट 20 मिलिगॉसला लागतो. 50 हर्ट्झच्या विजेसाठी लोकांना सुरक्षित म्हणून आंतरराष्ट्रीय मर्यादा 2010 पासनं 2000 मिलिगॉस आहे, शंभरपट. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात चालू मोटरीला मीटर टेकवा, पाचही लाईट लागतात, दोन पावलं मागं या, पटापट उतरत हिरव्यावर येतात. फ्यूजच्या बोर्डाजवळ तेच, मिक्सरजवळ तेच, आणि खिशातल्या मोबाईलला कॉल यायच्या वेळीसुद्धा लाईट फडफडतात.

जुन्या वाड्यात तर जास्तच, आणि ह्याला साधं कारण आहे. फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी गेले तर दोघांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. पण लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग, त्यात भाऊ वेगळे झाले तेव्हा दुसऱ्याच खोलीतनं ओढलेला न्यूट्रल, जिन्याला खालीवर बटण, असं झालं की जायची वायर एका भिंतीतनं आणि यायची दुसरीतनं, मग मधल्या सगळ्या जागेत क्षेत्र पसरतं. म्हणून जिन्यात मीटर लाल होतो, खाली कुणीतरी लाईट चालू ठेवलाय म्हणून. आणि जिना म्हटलं की आजीच्या गोष्टीतली हडळ, खवीस, मुंजा सगळे आठवणारच.

फोनवरचं ॲप अजून वेगळं. त्यात होकायंत्राची चिप असते, ती पृथ्वीचंच क्षेत्र दाखवते, आपल्या भागात 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे 400 मिलिगॉस. लोखंडी कपाट, तिजोरी, गर्डरजवळ फोन नेला की आकडा उड्या मारतो.

मला हे लिहावंसं वाटलं ते व्हिडिओपेक्षा, ज्या घरांत असे मीटर फिरतात त्या घरांसाठी. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला, भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा झाला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि त्यांच्या खुनानंतरच तो झाला, 2015 ला आपल्या कोल्हापुरातच पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या. देवऋषीकडं जायला शिकलेला माणूस आता लाजतो, पण हातात मीटर असलेल्या पोराला तोच माणूस घरात घेतो, कारण मशीन खोटं बोलत नाही. मशीन खरंच खोटं बोलत नाही, ते करंट सांगतं. नुकतंच कुणी गेलेलं असतं, घरात रडारड असते, त्यात "वरच्या खोलीत रीडिंग आलंय" ऐकलं की त्या खोलीत कुणी झोपत नाही, घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही.

कुणाच्या घरी असं रीडिंग आलं असेल तर आधी मेन स्विच पाडून परत मीटर फिरवा. लाल गेला तर वायरमनला बोलवून न्यूट्रल कुठनं आलाय ते शोधा, अर्थिंग तपासा, मेगर म्हणजे वायरवरचं आवरण तपासायचं यंत्र लावून इन्सुलेशन बघा, कारण तीस-चाळीस वर्षांच्या वायरवरचं रबर तडकून शॉक बसायची शक्यता खरी असते. मेन पाडूनही लाल राहिला तर भिंतीपलीकडं शेजाऱ्याचा मीटर बोर्ड किंवा बाहेरनं गेलेली लाईन बघा.