गोल्फमध्ये बायकांना मनाई? नावात तरी नाही!

‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ यांची आद्याक्षरं जोडून ‘गोल्फ’ हे नाव झालं, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. साफ खोटं आहे हे. स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली, त्या कायद्यातच हे नाव आहे. तिथल्याच सेंट अँड्र्यूज गावात महिलांचा गोल्फ क्लब १८६७ पासून आहे.

मनाई होती ती क्लबांच्या दारात. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलनं पहिल्या दोन महिला सदस्य घेतल्या त्या थेट २०१२ मध्ये! बड्या कंपन्यांचे प्रमुख जिथे तासन्‌तास सोबत चालतात, बोलतात, ओळखी वाढवतात, तिथून बायकांना बाहेर ठेवणं हा खरा अन्याय.

‘आधी नीट खेळता तर येऊ दे’ म्हणून मागे राहणाऱ्या मैत्रिणींनी हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार ठरणारा सवलतीच्या फटक्यांचा आकडा, समजून घ्यावा. समजा, तुमचा २८ आणि साहेबांचा १०. मॅच प्लेमध्ये, म्हणजे प्रत्येक होलची (चेंडू घालायच्या खड्ड्याची) हारजीत वेगळी ठरते त्या प्रकारात, तुम्हाला १८ फटक्यांची सवलत, म्हणजे १८ होलांपैकी प्रत्येकाला एक. त्यांनी पाच फटक्यांत होल संपवला आणि तुम्ही सहांत, तर बरोबरी. नवशिक्या बाईनं मुरलेल्या खेळाडूसोबत बरोबरीनं खेळावं, ही सोय नियमांतच आहे.