पार्श्वभूमी : नाला खोलीकरणाचा वाद आणि कोरडवाहू गावांचे पाणी

कोरडवाहू गाव पुढे टिकणार की ओस पडणार, ही चर्चा महाराष्ट्रात हटकून पाण्यावर येते. खानदेशातली फडपद्धत (बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची रीत), पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, हा जुना वारसा आहेच. पण आजच्या धोरणाचे मूळ १९७२ च्या दुष्काळात आहे. तेव्हा खडी फोडण्यापासून पाझर तलावापर्यंत जे काम निघाले, ते आधी हाताला मजुरी मिळावी म्हणून. पाणी नेमके कुठे मुरेल, हा विचार मागाहून आला. १९७७ चा रोजगार हमी कायदाही याच अनुभवातून झाला.

पुढे ‘माथा ते पायथा’ हे सूत्र रुजले. आधी डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर, मग शेताची बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर बंधारा. राळेगणसिद्धीचे उदाहरण समोर ठेवून १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आली. हिवरे बाजारने एक पाऊल पुढे टाकले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि पडलेला पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिके ठरवायची. दोन्ही गावांत चर जितके महत्त्वाचे, तितकीच अशी बंधने. योजनांच्या कागदावर मात्र चरच जास्त उतरले.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. दरवर्षी पाच हजार गावे आणि २०१९ पर्यंत टंचाईमुक्ती, असे उद्दिष्ट होते. आराखड्यात माथ्यावरची कामे होती, गाजले ते नाला खोलीकरण. पोकलेन लावले की आठवड्याभरात काम दिसते, फोटो निघतो, पहिल्या पावसात नाला तुडुंब भरतो. डोंगरावरच्या चरांना ते भाग्य नाही.

आक्षेप भूगर्भाचा होता. आपल्याकडे बहुतेक भागात मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मुरूम खरवडून पाषाण उघडा केला, तर नाल्यात पाणी दिसते, पण मुरत नाही. उलट शेजारच्या विहिरीचे पाणी नाल्याकडे ओढले जाऊ शकते. समर्थकांचे म्हणणे, गाळ काढल्याने विहिरींना पाणी आले आणि लोकवर्गणीतून गावे एकत्र आली. काही गावांपुरते ते खरे आहे, विशेषतः जिथे फक्त गाळच काढला गेला. वाद न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२० च्या लेखापरीक्षणात सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात फारसे यश नाही, असा ठपका आला. चौकशी लागली, सरकार बदलले आणि २०२२ च्या अखेरीस अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली.

दरम्यान शेततळ्यांचे अनुदान २०१६ पासून जोरात सुरू झाले. पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून तळे बोअरच्या पाण्याने भरले जाते. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सगळ्या शिवाराचे पाणी वर काढून एकाच्या बांधावर उन्हात ठेवायचे, असा हा प्रकार.

मागणीला आवर घालणारा कायदा नाही, असे नाही. २००९ चा भूजल कायदा शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून, म्हणजे साधारण २०० फुटांहून खोल विहीर घेण्यास मनाई करतो. मराठवाड्यात बोअरच्या गाड्या त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल जातात.