सरवा : ख्रिस्ती दानधर्मामागचा शेतातला कायदा

ज्वारीची कणसं खुडून झाली की रानात मागे राहिलेलं वेचायला बाया येतात. तो सरवा. मराठी बायबलात रूथ या परक्या विधवेच्या गोष्टीलाही हाच शब्द आहे, त्यामुळे जालना-बीडकडच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. फरक एकच. आपल्याकडे सरवा वेचू द्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर असतं. मोशेच्या नियमशास्त्रात तो गरिबाचा हक्क होता.

नियम बायबलातल्या लेवीय (अध्याय 19) आणि अनुवाद (अध्याय 24) या पुस्तकांत आहेत. शेताच्या कडेपर्यंत कापणी करायची नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही, रानात विसरलेली पेंढी आणायला माघारी जायचं नाही. ते गरीब, परका, अनाथ आणि विधवा यांचं. कड किती सोडायची, हे तिथे सांगितलेलं नाही. पुढे यहुदी धर्मगुरूंनी किमान साठावा हिस्सा ठरवला. आपल्या मापात तीन एकरांमागे दोन गुंठे.

रूथने एका दिवसात एफाभर, म्हणजे सुमारे 22 लिटर, जव गोळा केलं. एवढं निघालं, कारण शेताचा मालक बवाज याने गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम ताटं ओढून टाकायला सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, तिला धमकावू नका. आमच्या मते दयेचं मर्म या दुसऱ्या सूचनेत आहे. धान्य मिळतं, ते घेताना मान खाली घालावी लागते की नाही, हा खरा प्रश्न. खळ्यावरचं बलुतं वेगळं. ते वर्षभराच्या कामाचा मोबदला होतं, तरी अनेकदा उपकार म्हणून पदरात टाकलं जाई. सरव्याला कामाची अट नव्हती.

पहिल्या मंडळीत घोळ झाला तो वाटपात. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीतून सुटू लागल्या, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले (प्रेषितांची कृत्ये 6). प्रेषित पौलाने दोन गोष्टी घालून दिल्या : आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे थोडं बाजूला काढायचं, आणि जमलेली रक्कम एकट्याने न्यायची नाही, म्हणजे बोट दाखवायला जागा राहत नाही. आजही मंडळीच्या हिशेबात भांडण होतं ते बहुधा ही दुसरी गोष्ट सोडल्यामुळे.

मराठवाड्यात हा धागा जालन्याला ठळक दिसतो. 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी 1860 च्या दशकात तिथे काम सुरू केलं आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल गाव वसवलं. मांग-महार कुटुंबांना शिधा वाटण्याऐवजी विहीर, शेत आणि धंदा देण्याकडे त्यांचा कल होता. पुढच्या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिलं, अनाथ सांभाळले. त्यासोबत 'पोटासाठी बाटले' हा टोमणाही आला. तो सगळाच खोटा नव्हता. मदत आणि बाप्तिस्मा एकाच दारातून मिळू लागले की दोन्हींवर संशय येतो. त्यावर उपाय एकच : वाटपाच्या यादीत धर्माचा रकाना नको.

1972 च्या दुष्काळाने, म्हणजे मिलो आणि सुकडीच्या दिवसांनी, आणखी एक शहाणपण दिलं. बीडच्या सीमेलगत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 पासून काम करत होते. त्यांनी हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. पाणी हवं तर गावाला तिथे यावं लागे. घेणारा आणि देणारा यांच्या जागा बदलल्या.

आता कापणीच्या सणाला धान्य मंडळीत येतं, लिलाव होतो, पैसे दानपेटीत जातात. चढाओढीत कोंबडी दुप्पट भावाला जाते ते ठीक, पण धान्यातली पायली-दोन पायली लिलावाआधीच बाजूला निघाली नाही, तर गरजूच्या घरी काहीच पोचत नाही. रानातला सरवाही आटलाय. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. कापसाचं तर सांभाळूनच : 'शेवटचं गरिबाला' म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळी पोसली जाते. कापूस सोडायचा असेल तर दुसऱ्या वेचणीतच चार ओळी सोडाव्यात आणि डिसेंबर संपता पऱ्हाटी उपटावी.